ज्याची बॅग त्याने उचलावी

“चुना पातळ कालव, नोएली. दाट लावलास तर वर्षाच्या आत पोपडे धरतात. एक हात दे, सुकू दे, मग दुसरा. आणि माझं नाव शेवटी. नावाला घाई करायची नाही.”

हे सांगताना माझ्या सासूबाई, यूलाली, स्वयंपाकघरात बसून भेंडी चिरत होत्या. स्वतःच्या थडग्याबद्दल त्या असं बोलायच्या, जसं दुसरं कुणी अंगणातल्या कठड्याबद्दल बोलेल. सकल संतांचा सण तोंडावर आला, की आमच्या गावातलं प्रत्येक घर आपापली थडगी घासून पांढरी करतं. सणाच्या दुपारी फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीने फिरतात. ज्याचं थडगं मळकट राहिलं, त्या घराची चर्चा ईस्टरआधीच्या उपासकाळापर्यंत पुरते.

“मला त्या ब्रूसार्डांच्या शेजारी मळकट बसवू नकोस हं,” त्या म्हणाल्या. “जन्मभर नाकं मुरडली त्यांनी मला. मेल्यावर तरी नको.”

“नाही बसवणार.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी, आई.”

त्या गेल्या त्या वर्षी मी चुन्याचे दोन्ही हात दिले आणि नावही नीट रंगवलं. पुढची दोन वर्षं मात्र जमलं नाही. सणाआधीचा शनिवार-रविवार आला, की आम्ही फ्लोरिडात असायचो. तोवर आमचा मुलगा एमिल ब्रेंट नावाच्या कोचच्या संघात गेला होता.

ब्रेंटचा संघ शाळेचा नव्हे. तो बेसबॉलचा फिरता संघ. सगळा उन्हाळा आणि अर्धा हिवाळा मुलांना घेऊन राज्याराज्यांतून हिंडायचं, जिथे कॉलेजची माणसं बघायला येतात तिथे खेळायचं, आणि त्यांतल्या एखाद्याने शिष्यवृत्ती देऊन मुलाला उचलावं म्हणून वाट बघायची. पहिल्या सभेला त्याने आम्हा आईबापांना आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं होतं. जाळ्यांच्या मधे घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या.

“कॉलेजचा माणूस तुमच्या मुलाचा चेंडू नंतर बघतो,” ब्रेंट म्हणाला. “आधी तो मुलगा गाडीतून उतरताना बघतो. आईशी कसा बोलतो, बाप जाळीला नाक लावून ओरडतो का, बॅग कोण उचलतं. ज्याची बॅग त्याने उचलावी. आईच्या खांद्यावर बॅग दिसली, की संपलं. मुलगा पदराखालचा आहे, असं धरतात.”

“मग आम्ही काय उचलायचं?” डार्ला नावाची एक आई मागून म्हणाली.

“पैशाचं पाकीट,” ब्रेंट म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. ब्रेंटही हसला.

पाकीट आम्ही उचललंच. संघाची फी, दोन रंगांचे गणवेश, चेंडू टाकताना हाताला वेग यावा म्हणून वेगळा शिकवणारा, कॉलेजांना पाठवायची चित्रफीत काढणारा. संघाने सांगितलेल्याच हॉटेलात उतरायचं, नाहीतर खेळायला मिळत नाही. आणि आपलाच मुलगा खेळताना बघायला दारावर तिकीट काढायचं. गेल्या वसंतात क्लोविसने, माझ्या नवऱ्याने, होडी विकली. त्याच्या वडिलांनी हाताने बांधलेली सायप्रसच्या लाकडाची होडी होती ती. विकत घेणारा ती गाडीला जोडून घेऊन गेला, तेव्हा क्लोविस अंगणात नुसता उभा होता. एमिल खिडकीत. त्यानंतर क्लोविस समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर जास्तीच्या पाळ्या घेऊ लागला. घरी यायचा तो झोपायला, नाहीतर गाडी हाकायला.

बाकीचं जे गेलं त्याची पावती कुठे मिळत नाही. रविवार गेले. भाचीचा बाप्तिस्मा गेला. आमच्या दोघांच्या बोलण्यात वेळापत्रक आणि पेट्रोल यांपलीकडे काही उरलं नाही. माझे नेम तेवढे मी जपले. शुक्रवारी मांस नाही, म्हणून मैदानाच्या कडेला सगळे सॉसेज खात असताना मी खारी बिस्किटं आणि काकडीचं लोणचं खायची. आणि सकाळी उठल्यावर जपाची माळ पुरी होईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. घरातले या नेमाला सरावले आहेत. माझ्या हातात माळ असली, की ते आपसात बोलतात आणि मला नुसतं सांगून जातात.

या वर्षी एमिल शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला होता. ब्रेंटच्या मते आता नाही तर कधीच नाही. ऑक्टोबर संपत आला होता आणि आम्ही पुन्हा फ्लोरिडात होतो. शुक्रवारचा सामना संपल्यावर तंबूच्या सावलीत डार्ला माझ्या शेजारी पाय पसरून बसली.

“नोएली, मी आज हिशेब केला. एवढ्या पैशात मी एक छोटंसं कॉलेजच विकत घेतलं असतं. माझ्याच पोराला नापास केलं असतं.”

“नापास का गं?”

“बॅट आणायला विसरलाय मेला. इथे. बॅट!”

मला हसू आलं. तेवढ्यात क्लोविस आला. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जीव दिसत होता.

“ब्रेंट म्हणतो, उद्या सकाळी एक माणूस खास एमिलसाठी येतोय. शेजारच्या राज्यातलं कॉलेज. चित्रफीत आवडली म्हणे त्यांना.” तो माझ्याजवळ उकिडवा बसला. “नोएली, यासाठीच तर सगळं.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. वंगणाचे डाग आता त्याच्या कातडीतच गेले आहेत.

शनिवारी सकाळी मी हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेला माळ घेऊन बसले. क्लोविस पेटीत भरायला बर्फ आणि आम्हाला कॉफी आणायला खाली गेला होता. न्हाणीघराचं दार उघडं होतं. एमिल आरशासमोर दात घासत होता. डाव्या हाताने.

माझी बोटं मण्यावर थांबली. मग पुढे सरकली. तो सदरा घालू लागला. आजाऱ्याला घालतात तसा त्याने आधी उजवा हात बाहीत घातला, डाव्या हाताने धरून, हळूहळू. तेव्हा आरशात आमची नजरानजर झाली.

मी बोलू शकत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने बाहेर येऊन पलीकडच्या पलंगावर बसकण मारली.

“आई, तुझं व्हायच्या आत ऐक. कोपर थोडा धरलाय. थोडाच.”

मी पुढचा मणी धरला.

“ऑगस्टपासून. ब्रेंटला सांगितलं तर बाहेर बसवतो तो. बसलेल्या पोराला कोण बघतं? आज तो माणूस येतोय. आजचा दिवस काढतो, मग मी स्वतः डॉक्टरकडे चल म्हणेन. खरंच.”

मणी.

“असं बघू नकोस ना. बाबांची होडी या हातात आहे, आई. मला ती परत पाण्यात घालायचीय.”

एवढा मोठा झालाय, दारातून येताना मान वाकवतो. पण हे म्हणताना त्याचा आवाज लहानपणासारखा फाटला. मी उरलेली माळ घाई न करता पुरी केली, क्रूसाचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, “आज टाकू नकोस.”

“टाकणार.”

“मग बाबांना सांग.”

“तू सांगणार आहेस का?”

“मी आपणहून सांगणार नाही. ते तुझं काम. पण त्यांनी विचारलं, तर माझ्या तोंडून खोटं निघणार नाही.”

“ते कशाला विचारतील?” तो म्हणाला. खरंच, क्लोविस आताशा त्याला वेगाशिवाय काय विचारत होता?

दार उघडून क्लोविस आत आला, दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या. “चला, चला. पोटात काहीतरी ढकल रे. उपाशी पोटी चेंडू सरळ जात नाही.”

मैदानाबाहेर गाड्या लावायची जागा लांब होती. क्लोविस खुर्च्या आणि बर्फाची पेटी घेऊन पुढे गेला. एमिलने गाडीच्या मागच्या भागातून बॅग ओढली. हातमोजे, बॅटी, बूट, बर्फाचे पट्टे, सगळं त्यात. एरवी तो ती उजव्या खांद्यावर टाकतो. आज त्याने डाव्या हाताने ओढली, ती कडेला अडकली, म्हणून नकळत उजवा हात पुढे केला, आणि त्याचे ओठ पांढरे पडले.

मी बॅग घेतली. विचार काही केला नाही. मूल पडताना हात जातो, तसा माझा हात गेला. पट्टा खांद्यावर टाकून मी चालू लागले आणि तो माझ्या मागून आला.

वाटेत झाडाखाली एक गृहस्थ घडीची खुर्ची उलगडत होते. डोक्यावर गवताची टोपी, गळ्यात वेग मोजायचं यंत्र. त्यांनी टोपीला हात लावला. “सुप्रभात, बाई. जड दिसतेय.”

“नाही हो, सवय आहे,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे मोकळ्या हातांनी येणाऱ्या माझ्या उंच मुलाकडे.

कुंपणाजवळ पोचते तोच ब्रेंट धावत आला. क्लोविस त्याच्या मागे.

“नोएलीबाई! हे काय केलंत? तेच होते ते! तेच! आठ तास गाडी हाकून आलाय तो माणूस, आणि त्याला पहिलं काय दिसलं?”

“मला ठाऊक नव्हतं तेच ते.”

“म्हणूनच नियम असतो ना, बाई! सभेत मी पहिलं वाक्य काय सांगितलं होतं?”

क्लोविसने टोपी काढून कपाळ पुसलं. तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. आताही चढवला नाही, पण थकलेल्या माणसाचा हळू आवाज जास्त लागतो. “नोएली, एवढी वर्षं. एवढं सगळं केलं आपण. आणि आजच तुला बॅग उचलायची होती?”

मी खांद्यावरचा पट्टा नीट केला.

“का उचललीस?”

मी एमिलकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. बुटाने गवत उकरू लागला.

“नोएली, मी विचारतोय. का?”

“त्याचा कोपर दुखतोय,” मी म्हणाले. “ऑगस्टपासून.”

पलीकडच्या मैदानावर कुणीतरी जोरात चेंडू हाणला. टाळ्या झाल्या. क्लोविसने एमिलकडे बघितलं, मग झाडाखालच्या गवताच्या टोपीकडे.

“हे बघा,” ब्रेंट आवाज खाली आणून म्हणाला, “या वयात दुखतंच. माझ्या संघात न दुखणारा पोरगा दाखवा मला. एक डाव. फक्त एक. चार चेंडू सणसणीत गेले, की तो बॅग विसरेल. मग बर्फ लावू, महिनाभर सुट्टी देऊ.”

मला वाटलं, क्लोविस आता नाही म्हणेल. पण तो तसं काही म्हणाला नाही. त्याला ते हवं होतं. मला ते दिसलं, आणि त्याचा राग आला नाही. त्याने त्यासाठी काय काय दिलं होतं ते मला माहीत होतं.

“एक डाव जमेल का रे?” त्याने विचारलं.

“जमेल बाबा.” एमिल फार पटकन म्हणाला.

ब्रेंटने माझ्याकडे हात पुढे केला. “द्या ती बॅग, नोएलीबाई.”

मी दिली नाही. मला भांडता येत नाही. लहानपणापासूनच माझा आवाज मागच्या बाकावर ऐकू जात नाही. मी बॅग खांद्यावरून काढली आणि एमिलच्या पायाशी गवतावर ठेवली.

“तुम्हीच सांगितलंय ना, कोच. ज्याची बॅग त्याने उचलावी. उचलू दे त्याला. उजव्या हाताने. उचलली, तर मी तंबूत जाऊन बसते आणि पुन्हा काही बोलत नाही.”

“बाई, हा काय पोरखेळ—”

“थांब, ब्रेंट,” क्लोविस म्हणाला.

एमिल वाकला. उजव्या मुठीत त्याने पट्टा धरला. बॅग गवतापासून वीतभर वर आली. त्याने ओठ आवळले होते. तो ती अजून वर घेत होता. सोडत नव्हता. माझा मुलगा हट्टी आहे, आजीवर गेलाय. घाम कानशिलावरून खाली आला. कोपर थरथरू लागला आणि बॅग तिथेच लटकत राहिली, ना वर ना खाली.

क्लोविस पुढे झाला. त्याने बॅगेच्या खाली हात घातला.

“सोड.”

“बाबा, मी—”

“सोड म्हणतो ना. माझ्याकडे आहे ती. सोड, राजा.”

एमिलने सोडली. क्लोविसने बॅग आपल्या खांद्यावर टाकली आणि सगळ्या आईबापांच्या देखत, गवताच्या टोपीसमोरून, गाडीच्या वाटेला लागला.

ब्रेंट मागून म्हणाला, “फी परत मिळत नाही, सांगून ठेवतो.” त्यात दुष्टावा नव्हता. त्यालाही दिवसभरात अजून तीन सामने होते.

डार्लाने आमच्या खुर्च्या आणि बर्फाची पेटी आणून दिली. “जा गं. पोराचा हात आधी. मी फोन करते.” मग जरा थांबून, “बॅट आहे का तुझ्याकडे जास्तीची? ह्याला हवीय.” मी एमिलची दिली.

गाडी निघताना मी मागे वळून बघितलं. ते गृहस्थ खुर्ची मिटून पलीकडच्या मैदानाकडे चालले होते. तिथेही मुलं होतीच.

गाडी अलाबामात शिरली. एमिल मागे कोपरावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. तो म्हणाला, “होडी गेली ना, बाबा.”

क्लोविसने रस्त्यावरची नजर काढली नाही. “होडी मी विकली. तू नाही विकलीस.”

“माझ्यासाठी विकली.”

“गळत होती ती.”

“नव्हती गळत.”

“थोडी गळत होती.”

“बाबा, एक थेंब आत येत नव्हता. आजोबांनी बांधलेली होती ती.”

“बरं, नव्हती गळत,” क्लोविस म्हणाला. पुलाखाली खाडीचं पाणी दिसत होतं. “छान होती होडी. पण ती तुझ्या कोपरात कशाला ठेवतोस, वेड्या? कोपरात होडी मावते का?” आणि थोड्या वेळाने, “ऑगस्टपासून. आणि मी तुला रोज फोन करून वेग विचारत होतो.”

मागून एमिलचा हात पुढे आला, डावा, आणि बापाच्या खांद्यावर राहिला.

रात्र एका स्वस्त खानावळीच्या मागच्या खोल्यांत काढली आणि रविवारी वाटेतल्या एका गावात मिस्साला गेलो. अनोळखी चर्च, अनोळखी फादर. तरी आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो, हे पुष्कळ महिन्यांनी. प्रवचन सुरू झालं तशी क्लोविसची मान माझ्या खांद्यावर पडली. मी उठवलं नाही. देवाला झोपलेली माणसं चालत असावीत.

संध्याकाळी घरात पाऊल टाकते तोच फोन वाजला. ओडेट, क्लोविसची चुलत बहीण. ब्रूसार्डांच्या घरात दिलेली.

“आलीस का फ्लोरिडाहून? म्हटलं विचारावं, मंगळवारी फादर येणार थडग्यांवर. आमची कालच झाली सगळी. यूलाली काकूंच्या थडग्यावर शेवाळं धरलंय हो. मी आमच्या ब्रशानेच एक हात मारणार होते, पण म्हटलं, लोक काय म्हणतील, सून असताना.”

“उद्या येतोय आम्ही, ओडेट.”

“येताय? या हो. तीन सण चुकल्यावर त्यांना पण बरं वाटेल.”

“दोन,” मी म्हणाले आणि शुभरात्री म्हणून फोन ठेवला.

सोमवारी उजाडायच्या आत क्लोविस पाळीवर निघाला. बुधवारी एमिलला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. हात नुसत्या विश्रांतीने भरेल, की चिरावा लागेल, की पुन्हा कधी चेंडू टाकता येईल, कुणाला काही ठाऊक नव्हतं. ब्रेंटचा फोन आला नव्हता. त्या गवताच्या टोपीचा येणार नव्हता.

मी माळ घेऊन मागच्या पायऱ्यांवर आले. घरातला जुना चुना गोठून दगड झाला असणार, दुकान उघडेपर्यंत थांबावं लागणार, असं मनात होतं. पायरीवर बादली होती. वर ओलं पोतं झाकलेलं, शेजारी ब्रश, आणि नावासाठी काळ्या रंगाची डबी. क्लोविसने कधी आणला आणि कधी कालवला, कोण जाणे. मी पोतं बाजूला करून काठी बुडवली. चुना काठीवरून दुधासारखा ओघळला. पातळ. आईचं ऐकून होता तोही.

मी माळ डाव्या हाताला गुंडाळली, बादली उचलली आणि फाटकापर्यंत गेले. मागून दार वाजलं.

“आई, थांब.” शाळेला सणाची सुट्टी होती. एमिल रात्रीचे चुरगळलेले कपडे घालून, अनवाणीच पायऱ्या उतरला. “ठेव ती. तुझ्या हातात ओझं दिसलं, की लोक मला नावं ठेवतात.”

माझी माळ पुरी व्हायची होती. मी त्याच्याकडे बघितलं फक्त.

“डाव्या हाताने घेतो. डावा चांगलाय.” त्याने माझ्या हातातून बादलीची कडी काढून घेतली. थोडा चुना त्याच्या पायावर सांडला. “आजीचं नाव मी रंगवू? डाव्याने हळूहळूच होईल.”

मी बोट वर केलं.

“माहितीये गं,” तो म्हणाला. “दोन हात आधी. नाव शेवटी.”

मी फाटक उघडून धरलं. तो बादली सांभाळत पुढे झाला आणि मी पुढचा मणी धरून त्याच्या मागे निघाले.